घंटा वाजवायला सहा यंत्रे

टेबलावर एक पितळी घंटा आहे. ती वाजवायची आहे. तुम्ही काय कराल? हात पुढे कराल, घंटा उचलाल आणि हलवाल. झाले काम! लहान पोरसुद्धा हे करील.

मग आमच्या रात्रीच्या वर्गातील मंडळींनी हीच घंटा वाजवायला बारा रात्री का घालवल्या? फळी, पाइप, बांबू, दोरी, कप्पी आणि सायकलचे मोडके चाक का गोळा केले? गावातले लोक खिडकीतून डोकावत आणि हसत. वर्गातल्या एक मावशी तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गुरुजी, एका हातानं वाजतीय की घंटा. एवढा उपद्व्याप कशापायी?"

मावशींचा प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर या पाठात आहे.

हे कसे सुचले?

आमच्या वर्गात एक आबा येत. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी त्यांनी मोट हाकली होती. आता विहिरीवर विजेचा पंप आहे. पण आबा त्याच्या जवळ जात नसत. ते म्हणत, "यंत्र म्हणजे शिकलेल्या लोकांचं काम. आमचा हात लागला की बिघडतंय." मावशीही मान डोलवत. हे बोलणे आमच्या मनाला लागले. चाळीस वर्षे यंत्र हाकलेला माणूस म्हणतो, यंत्र माझे काम नव्हे! मोट हे यंत्र नव्हते तर काय होते?

हे कसे पटवावे, असा विचार करताना आम्हाला एका चित्रकाराची आठवण झाली. अमेरिकेत रूब गोल्डबर्ग नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचा जन्म १८८३ साली सान फ्रान्सिस्को शहरात झाला. ते इंजिनियर झाले. शहराच्या पाणी व गटार खात्यात नोकरीला लागले. पण मन रमेना. थोड्याच महिन्यांत नोकरी सोडून ते वर्तमानपत्रांत विनोदी चित्रे काढू लागले.

त्यांच्या चित्रांत मोठी गंमत असे. काम अगदी सोपे, पण ते करायचे मात्र सर्वांत अवघड रीतीने! १९३१ सालचे त्यांचे एक चित्र फार गाजले. एक मनुष्य सूप पीत आहे. त्याची हनुवटी रुमालाने पुसायची आहे. तो चमचा तोंडाकडे नेतो, तशी एक दोरी ओढली जाते. दोरीने एक पळी उडते. पळीतले बिस्किट पोपटापुढून उडते. पोपट बिस्किटामागे झेप घेतो. त्याची दांडी कलंडते व दाणे बादलीत पडतात. बादली जड होऊन एक दोरी ओढते. त्याने ठिणगी पडते, अग्निबाण सुटतो. बाणाला बांधलेला विळा एक सुतळी कापतो. तेव्हा कुठे टांगलेला रुमाल झोके घेऊ लागतो आणि हनुवटी पुसतो!

लोक पोट धरून हसले. गोल्डबर्ग १९७० साली वारले. पण त्यांच्या चित्रांवरून तिकडे विद्यार्थ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. अशी उफराटी यंत्रे खरोखर बनवायची आणि चालवून दाखवायची. ज्याचे यंत्र न अडखळता चालेल आणि लोकांना हसवील, त्याची वाहवा.

आम्ही मनाशी म्हटले, आपणही असे एक यंत्र करू. हसता हसता यंत्रांची ओळख होईल.

घराघरातली सहा यंत्रे

यंत्र कितीही मोठे असो, त्याची हलणारी अंगे उघडून पाहिली तर बहुतेक ठिकाणी सहाच साधी यंत्रे पुन्हा पुन्हा दिसतात. ही सहाही तुमच्या ओळखीची आहेत. फक्त त्यांची पुस्तकी नावे तुम्हाला ठाऊक नसतील.

पहिले यंत्र तरफ. पहार घालून धोंडा उचकटता ना? तीच तरफ. अडकित्ता, चिमटा, तराजू ह्या सगळ्या तरफाच.

दुसरे उतरण. गाडीत पिंप चढवायचे तर आपण फळी तिरपी लावतो आणि पिंप लोटत नेतो. ती तिरपी फळी म्हणजे उतरण.

तिसरे पाचर. कुऱ्हाडीचे पाते म्हणजे पाचर. कुऱ्हाड दांड्यात घट्ट बसावी म्हणून ठोकतो तीही पाचर.

चौथे मळसूत्र, म्हणजे स्क्रू. नटबोल्टला आटे असतात ते पाहा. कागदाचा तिरपा तुकडा पेन्सिलीभोवती गुंडाळा, तसेच आटे दिसतील. मळसूत्र म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेली उतरणच.

पाचवे कप्पी. विहिरीवर दोर खाली ओढला की घागर वर येते. जोराची दिशा बदलली, हे कप्पीचे काम.

सहावे चाक आणि आस. बैलगाडी, रहाट, सायकल यांत ते दिसते.

ह्या साऱ्यांचा कायदा एकच आहे. तो नीट ध्यानात ठेवा. जोर वाचवाल तर अंतर वाढेल. अंतर वाचवाल तर जोर वाढेल.

उदाहरण पाहू. धोंड्याचा भार ९० किलो आहे. पहारीखाली टेकू ठेवला. टेकूपासून धोंडा अर्ध्या फुटावर आणि आपला हात साडेचार फुटांवर. हात नऊपट दूर आहे. म्हणून १० किलोच्या जोराने ९० किलोचा धोंडा हलतो. पण धोंडा एक इंच वर यायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. फुकट काही मिळाले नाही. कष्टांची बेरीज तेवढीच राहिली, वाटणी तेवढी बदलली.

हे सांगताच आबा म्हणाले, "गुरुजी, मोटेची धाव उताराची का असायची, ते आत्ता उमगलं बघा." धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या वाटेने चालत ती वाट. भरली मोट ओढताना बैल उतारावरून खाली जात. त्यामुळे त्यांच्या अंगाचा भारही ओढायला मदत करी. मोट रिकामी झाली की मग ते चढ चढून मागे येत. "आन आम्ही नाड्यावर बसत होतो, ते काय मौजेखातर? आमचाबी भार कामी यायचा!"

उतरण, चाक, दोर, भार, सगळे त्या मोटेत होते. आबा चाळीस वर्षे यंत्रशास्त्र जगले होते. फक्त त्याला शास्त्र म्हणतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आमचे यंत्र

आता आम्ही काय बांधले ते सांगतो. त्यात सात कड्या होत्या.

१. वर एक गळका तांब्या टांगला. त्यातून पाणी थेंब थेंब डब्यात पडे. डबा एका फळीच्या टोकावर. फळी मध्ये टेकूवर. दुसऱ्या टोकावर २०० ग्रॅमचा दगड. टेकूपासून डबा दगडाच्या दुप्पट लांब ठेवला. म्हणून रिकामा डबा आणि आतले पाणी मिळून १०० ग्रॅमच्या वर भार झाला की फळी कलंडे. ही तरफ.

२. दगडाचे टोक वर गेले की एक दोरी ओढली जाई आणि पुठ्ठ्याचा अडसर उघडे. अडसरामागे ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली लोखंडी गोळी ठेवलेली.

३. गोळी पाइपात शिरे. पाण्याचा जुना पाइप आम्ही खांबाभोवती सैल वेटोळे घालून बांधला होता. हे मळसूत्र. गोळी दिसेनाशी होई आणि खडखड आवाज करीत खालून बाहेर येई. पोरांना हेच सर्वांत आवडे.

४. मग ती चिरलेल्या बांबूच्या तिरप्या पन्हळीतून धावे. ही उतरण.

५. पन्हळीच्या शेवटी एक लाकडी पाचर. पाचरीच्या आधाराने एक किलोचे लोखंडी माप उंच थोपवून धरलेले. गोळीने पाचर उडवायची आणि माप खाली सोडायचे.

६. मापाची दोरी कप्पीवरून पलीकडे जाई.

७. तेथे ती सायकलच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर गुंडाळलेली. माप खाली आले की चाक फिरे. चाकाच्या कडेला एक खुंटी. ती घंटेवर आदळे. टण्ण!

कागदावर तर यंत्र असे चालले. प्रत्यक्षात पहिल्या रात्री काय झाले? काहीच नाही.

बिघाड कोठे?

सगळे एकदम बोलू लागले. एकाने पाइप ओढला, दुसऱ्याने फळी हलवली, तिसऱ्याने दोरी सोडली. आता तर नीट असलेलेही बिघडले!

आम्ही सर्वांना बसवले. फळ्यावर सात कड्या ओळीने लिहिल्या आणि सांगितले, "एका वेळी एकच कडी तपासायची. ती ठीक असेल तर पुढे खूण करायची. मगच दुसरी." लिहायला नुकत्याच शिकलेल्या एका ताईंकडे खडू दिला.

पहिली कडी ठीक. दुसरी ठीक. तिसरीत गोळी अडकली. कान लावला तेव्हा कळले, पाइप एका जागी मुडपला होता. तो सरळ केला. चौथी ठीक. पाचवी मात्र काही केल्या जमेना. गोळी येई, पाचरीवर टक्क करून आपटे आणि मागे फिरे. आम्ही पन्हळ आणखी उभी केली. गोळीला वेग आला, पण पाचर हलेना. दोन रात्री आम्ही स्वतः खटपट केली. आम्हालाही उत्तर सापडेना, हे येथे कबूल करतो.

आबा पुढे आले. त्यांनी पाचर बोटाने हलवून पाहिली. म्हणाले, "गुरुजी, सगळा भार हिच्या डोक्यावर. ही हलणार कशी? पाचर घट्ट धरायला असती, सुटायला नसती."

आबांनी दुखणे ओळखले. पण औषध? ते सांगितले मावशींनी. ज्यांनी "उपद्व्याप कशापायी" म्हणून विचारले होते, त्याच मावशींनी.

"आमच्या उंदराच्या पिंजऱ्याचं झाकण केवढं जोरात पडतंय! पण उंदीर काय ते ओढतोय का? त्यो नुसता भाकरीचा तुकडा हलवतोय, आन खटका सुटतोय."

आम्ही पाहतच राहिलो! खटका म्हणजे तरी काय? एक तरफ. लगेच ४० सेंटिमीटरची एक दांडी घेतली. तिचे एक टोक खिळ्यावर फिरते ठेवले. खिळ्यापासून फक्त २ सेंटिमीटरवर मापाचा भार टांगला. लांबचे टोक एका उभ्या काडेपेटीवर टेकवले. आता हिशेब करा. ४० हे २ च्या वीसपट. म्हणून १ किलोच्या भारातले फक्त ५० ग्रॅम काडेपेटीवर आले. बाकीचा भार खिळ्याने घेतला. गोळी आली, काडेपेटी उडाली, दांडी खाली आली, भाराची कडी सुटली आणि माप धाडकन खाली!

चाक फिरले. पण खुंटी घंटेपासून दोन बोटे लांबून गेली! सगळे हळहळले. ताईंनी फळ्यावर सहाव्या कडीपुढे खूण केली आणि सातवीपुढे लिहिले, "घंटा सरकवा." काढून टाकलेली पाचर आम्ही डगमगणाऱ्या खांबाच्या बुडाशी ठोकली. ज्याचे काम त्याला दिले. घंटा सरकवली. बाराव्या रात्री ती वाजली. खिडकीतल्या लोकांनीही टाळ्या पिटल्या.

घंटा कोणी वाजवली?

टाळ्या थांबल्यावर आम्ही विचारले, "घंटा कोणी वाजवली?"

"यंत्रानं," पोरे ओरडली.

आबा म्हणाले, "यंत्रानं कशी? तांब्यात पाणी मी भरून टांगलं. गोळी वर ठिवली या पोरानं. माप उचलून अडकवलं गुरुजींनी. आपलेच कष्ट आधी वर ठिवले, ते मागनं खाली आले."

यंत्रशास्त्राची पुस्तके हेच सांगतात. यंत्र कष्ट निर्माण करीत नाही. आपण दिलेलेच कष्ट ते साठवते, वळवते आणि पुढे पोचवते. वाटेत घासण्यात काही वायाही जातात. म्हणून कोणी गावात येऊन म्हणाला, "माझा पंप विजेशिवाय, तेलाशिवाय, बैलाशिवाय कायम चालतो; आधी पैसे द्या," तर त्याला एकच प्रश्न विचारा: "जोर कोठून येतो?" ऊन, वारा, वाहते पाणी यांचे नाव त्याने घेतले तर पुढे ऐका. "कोठूनच नाही, आपोआप," असे म्हणाला तर पैसे कनवटीला ठेवा.

दुसरी गोष्ट कड्यांची. समजा, प्रत्येक कडी १० पैकी ९ वेळा नीट चालते. ऐकायला छान वाटते. पण १०० वेळा यंत्र सोडले तर पहिल्या कडीतून ९० वेळा पुढे जाईल. दुसरीतून ८१. मग ७३, ६६, ५९, ५३ आणि सातवीतून ४८. म्हणजे घंटा निम्म्याही वेळा वाजणार नाही! खेळात ही गंमत आहे. संसारात नाही. खऱ्या कामाच्या यंत्रात एकही कडी उगाच नसावी. जास्त कड्या म्हणजे बिघडायला जास्त जागा. नवे औजार घेताना हे पाहावे.

मावशींचा फवारणी पंप

हा पाठ येथे संपला असता. पण पुढच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली.

कपाशीवर कीड पडली होती. मावशींच्या घरी पाठीवरचा, हाताने चालवायचा फवारणी पंप होता. ऐन वेळी त्यातून औषध येईना. पूर्वी असे झाले की घरधनी पंप घेऊन तालुक्याला जात. दिवस बुडे, भाडे जाई, कीड तेवढी वाढे. काही वेळा ते नोझल तोंडात धरून फुंकत. हे फार वाईट. ते औषध म्हणजे विष आहे. असे केल्याने माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

या वेळी मावशी म्हणाल्या, "थांबा. एकेक कडी बघू." त्यांनी कागद घेतला आणि लिहिले: दांडा, दट्ट्या, नळी, चाप, जाळी, नोझल.

दांडा मारून पाहिला. तो जड लागत होता. म्हणजे आत दाब तयार होत होता. म्हणजे दांडा आणि दट्ट्या ठीक. त्यांच्यापुढे दोन खुणा झाल्या. दांडा हलका लागला असता तर दोष आतल्या वायसरचा किंवा झडपेचा असता. इथे अडचण पुढे होती. मावशींनी हातमोजे घातले. आधी आतला दाब सोडला. मग नोझल उघडले. त्याच्या जाळीत कचरा बसला होता. तोंड लावले नाही. जाळी स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशाने धुतली. ते पाणी ओढ्यात वा विहिरीत जाऊ दिले नाही. आधी नुसत्या पाण्याने पंप चालवून पाहिला. फवारा उडाला! अर्ध्या तासात काम सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, उपद्व्याप कशापायी ते कळलं."

आणि आबा? आबा आता विजेच्या पंपाला भीत नाहीत. विजेच्या तारेला मात्र ते हात लावत नाहीत, आणि कोणीच लावू नये. ते काम तारतंत्री करील. पण पाणी आले नाही तर आबा आधी विचारतात: वीज आहे का? विहिरीत पाणी किती? पाइप कोठे फुटला आहे का? मग तारतंत्र्याला बोलावतात, तेव्हा काय तपासले आणि काय राहिले हे नीट सांगतात.

तुम्हीही करून पाहा

मुलांना, नातवंडांना घेऊन बसा. काम अगदी सोपे निवडा: घंटा वाजवणे, दार लावणे, कुंडीला पाणी घालणे. तीनच कड्यांनी सुरुवात करा. शेवटची कडी आधी बांधा आणि चालवून पाहा. मग तिच्या मागची. घरात पडलेल्या वस्तू घ्या, विकत काही आणू नका. विस्तव, वीज आणि उंच जागेवरचे जड वजन लहान मुलांच्या खेळात नको.

यंत्र अडले तर रागावू नका. सगळे एकदम उसकटू नका. कागद घ्या, कड्या लिहा आणि एकेकीपुढे खूण करीत जा. तुम्हाला आता लिहिता येते. ते याच वेळी कामी येते.